रक्तदाब आणि ॲस्पिरिनची गोळी : आधी मोजमाप, मग मात्रा



शेतकी खात्यातल्या माणसाने औषधपाण्यावर लिहावे हे काही जणांना चमत्कारिक वाटेल. लागणीच्या नोंदी, बेणेबदल, खोडव्याची निगा, हुमणीचा बंदोबस्त या विषयांवर आजवर मी या पानांतून लिहीत आलो. मी शेतकी पदविका घेतलेला माणूस, डॉक्टरकीचा मला अधिकार नाही. तरीपण गेल्या हिवाळ्यात आमच्याच घरात असा प्रकार घडला, की तो आपल्यापुढे ठेवल्यावाचून राहवत नाही. शिवाय गटात फिरताना शिवारोशिवारी तेच पाहतो. बांधावर बसलेल्या दहा जणांत चौघांच्या खिशात बी. पी. ची गोळी नाहीतर दुखण्याची गोळी असतेच, आणि कोणती गोळी कशासाठी याचा पत्ता बहुतेकांना नसतो.

आपल्या भागातील कितीतरी घरांची मुले नवी मुंबईत नोकरीधंद्याला आहेत. कोणी मार्केट यार्डात, कोणी कंपनीत; राहायला खारघर, कामोठे, कळंबोली. ऊस कारखान्याला गेला, की म्हातारी माणसे महिना-दोन महिने नातवंडांत राहून येतात. माझे थोरले चुलत बंधू, आम्ही त्यांना दादा म्हणतो, असेच खारघरला मुलाकडे गेले. वय सदुसष्ट. बी. पी. चा त्रास दहा वर्षांपासूनचा. गोळी चालू होती, पण कशी? चक्कर आली की घ्यायची, बरे वाटले की बंद.

खारघरला सकाळी सेंट्रल पार्ककडे फिरायला जाण्याचा त्यांचा परिपाठ पडला. तिथे समवयस्क मंडळी भेटली. त्यांतले एक गृहस्थ म्हणाले, "मी रोज ॲस्पिरिन घेतो. रक्त पातळ राहतं. बी. पी. चं काही भ्याव नाही." त्या गृहस्थांच्या हृदयात स्टेंट बसवलेला होता आणि गोळी त्यांच्या डॉक्टरांनी मोजून लिहून दिलेली होती, हे आम्हाला मागाहून कळले. दादांनी एवढेच ऐकले, की ॲस्पिरिन बी. पी. ला चांगली. त्यांनी कोपऱ्यावरच्या दुकानातून डोकेदुखीची, पाण्यात विरघळणारी ॲस्पिरिन आणली आणि रोज रात्री एक घ्यायला सुरुवात केली. गुडघ्यासाठी गावाकडून नेलेली दुखण्याची गोळी सकाळी चालूच होती. बी. पी. ची खरी गोळी मात्र "आता ही आहे की" म्हणून सोडून दिली.

तीन आठवड्यांनी शौचाला डांबरासारखे काळे होऊ लागले. लाजेपायी घरात कोणाला बोलले नाहीत. चौथ्या दिवशी पहाटे न्हाणीघरात घेरी येऊन पडले. दवाखान्यात नेले तेव्हा जठरातल्या जखमेतून रक्त वाहत असल्याचे दिसले. तीन पिशव्या रक्त द्यावे लागले. मी एस. टी. ने दुपारपर्यंत पोहोचलो. डॉक्टरांनी विचारले, "काका, ही गोळी तुम्हाला कोणी दिली?" दादा म्हणाले, "दिली कुणी न्हाय. मीच घेतली. एवढीशी गोळी, दुकानात चहाच्या पुडीशेजारी मिळती, तिनं काय हुतंय?"

रक्त गेल्यामुळे त्या दिवशी दाब खाली होता. रक्त भरून आल्यावर मोजला तेव्हा वरचा एकशे ऐंशी आणि खालचा एकशे पाच निघाला. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "एवढा दाब अंगात ठेवून हे रोज रक्त पातळ करत होते. जठरात फुटलं म्हणून हाताशी लागले. मेंदूत फुटलं असतं, तर तुम्ही आज वेगळ्या कामाला आला असता." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्यानंतर जे विचारून घेतले, वाचले आणि ताडून पाहिले, ते खाली देत आहे.

ही गोळी करते काय?

ॲस्पिरिन हे जुने औषध. वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या सालीत वेदना शमवणारा अंश असतो, हे माणसाला फार पूर्वीपासून माहीत होते. त्याच्यावर प्रक्रिया करून जर्मनीतील बायर कंपनीत १८९७ साली हे औषध तयार झाले आणि १८९९ पासून ॲस्पिरिन या नावाने विकले जाऊ लागले. ते अंगात नेमके काय करते, हे मात्र १९७१ साली जॉन व्हेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने दाखवून दिले. त्या कामासाठी त्यांना १९८२ साली नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

थोडक्यात सांगायचे, तर जखम झाली की रक्तातल्या बारीक चकत्या एकमेकींना चिकटून गाठ धरतात आणि रक्त थांबते. ॲस्पिरिन या चकत्यांची चिकटण्याची ताकद काढून घेते. चकतीचे आयुष्य आठ-दहा दिवसांचे. एकदा ॲस्पिरिन लागली, की ती चकती मरेपर्यंत तशीच राहते. म्हणून लहानशी मात्रासुद्धा कित्येक दिवस परिणाम ठेवून जाते. आपण बोलताना "रक्त पातळ होतं" म्हणतो, ते हेच. दुसरे असे, की जठराच्या आतल्या अस्तराला आम्लापासून जपणारा जो रस अंगात तयार होतो, तोही ॲस्पिरिनमुळे कमी पडतो. म्हणजे एकीकडे जठराला जखम होण्याची वाट मोकळी होते आणि दुसरीकडे त्या जखमेतले रक्त लवकर थांबत नाही. दादांचे झाले ते असे.

आता मुद्द्याचे बोलू. या सगळ्यात रक्तदाब कमी करण्याचे काम कुठे आले? कुठेच नाही. ॲस्पिरिन हे रक्तदाबाचे औषध नव्हे. रक्त पातळ झाले म्हणजे दाब उतरला, हा समज चुकीचा आहे. पाइपातले पाणी गढूळ की नितळ यावर मोटरीचा दाब ठरत नाही, तसेच हे. दाब उतरवणाऱ्या गोळ्या वेगळ्या : अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि अशा इतर. त्या रोज, ठरल्या वेळी, बरे वाटत असले तरी घ्यायच्या असतात.

मग डॉक्टर बी. पी. वाल्यांना ॲस्पिरिन देतात का?

देतात, पण सर्वांना नाही. ज्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, स्टेंट बसवला आहे, बायपास झाली आहे किंवा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होऊन पक्षाघात झाला आहे, अशा माणसाला लहान मात्रेतली ॲस्पिरिन, बहुधा ७५ मिलिग्रॅमची, डॉक्टर रोज घ्यायला सांगतात. त्याच्या बाबतीत फायदा तोट्यापेक्षा पुष्कळ मोठा असतो. असा सभासद हा लेख वाचत असेल, तर त्याला हात जोडून सांगणे, की माझे ऐकून आपली गोळी बंद करू नका. स्टेंटवाल्याने गोळी अचानक सोडली, तर गुठळी होऊन जीव जाण्याची वेळ येते. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया असो, गोळी थांबवायची की नाही हे डॉक्टरांनीच ठरवायचे.

प्रश्न उरतो तो ज्यांना नुसता रक्तदाब आहे, हृदयाचे काही झालेले नाही, त्यांचा. या बाबतीत १९९८ साली एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. २६ देशांतील रक्तदाबाच्या १८,७९० रुग्णांना औषधे देऊन दाब आटोक्यात आणला आणि त्याचबरोबर निम्म्यांना ७५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन, निम्म्यांना नुसतीच खोटी गोळी दिली. ॲस्पिरिनवाल्यांत हृदयविकाराचे झटके सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. पण पक्षाघात कमी झाला नाही, आणि जिवावर न बेतलेले पण मोठे रक्तस्राव एका गटात ७०, तर ॲस्पिरिनच्या गटात १२९ झाले. म्हणजे जवळजवळ दुप्पट. लक्षात घ्या, की हे औषधांनी दाब आटोक्यात ठेवलेल्यांचे आकडे आहेत. दाब चढलेलाच ठेवून ॲस्पिरिन घेणाऱ्याला मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोका याहून अधिक.

पुढे २०१८ साली ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतील १९,११४ वयस्क, धडधाकट लोकांवरची चाचणी पुरी झाली. बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. रोज १०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन घेऊन त्यांचे आयुष्य किंवा हिंडतेफिरतेपण वाढले नाही, रक्तस्राव मात्र वाढले. २०२२ साली अमेरिकेतील तज्ज्ञ मंडळाने स्पष्ट सांगितले, की हृदयविकार नसलेल्या माणसाने साठीनंतर प्रतिबंध म्हणून ॲस्पिरिन नव्याने सुरू करू नये. चाळीस ते साठ वयाच्या माणसाच्या बाबतीत डॉक्टरांनी त्याचा धोका तोलून ठरवावे. पूर्वी काही डॉक्टरही सरसकट देत असत. ज्ञान पुढे गेले तसा सल्ला बदलला. आपणही पूर्वी पाचट जाळत होतो, आता सरीत कुजवतो, त्यातलाच प्रकार.

आपल्या धंद्यातलेच उदाहरण घ्या. आडसालीला हेक्टरी ४०० किलो नत्राची शिफारस आहे, सुरूला २५० किलोची. शेजाऱ्याने आडसालीला टाकले म्हणून तेवढेच आपल्या सुरूला कोणी टाकील काय? माती परीक्षण केल्याशिवाय खताचा हप्ता देऊ नका, म्हणून आम्ही घसा कोरडा करतो आणि आपण आता ते मानू लागला आहात. मग स्वतःच्या अंगाला शेजाऱ्याची मात्रा का?

"डॉक्टरकडं जायला सवड कुठं?"

हे उत्तर मला गटात नेहमी मिळते, आणि ते अगदीच खोटे नाही. तोडणी चालू असते, पाण्याची पाळी रात्रीची, तालुक्याला जायचे म्हणजे दिवस मोडतो आणि वर तपासणीची फी. दुकानातली गोळी दोन-चार रुपयांत भागते. परंतु रक्तदाबाच्या बाबतीत परिस्थिती बदलली आहे. २०१७ च्या अखेरीस उच्च रक्तदाब नियंत्रणाचा राष्ट्रीय उपक्रम सुरू झाला, आणि महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात जे जिल्हे घेतले त्यांत सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा होते. ठरावीक औषधे, प्राथमिक आरोग्य केंद्रात नोंद आणि महिन्याची गोळी जवळच्या ठिकाणी, अशी त्याची साधी पद्धत. २०२२ साली संयुक्त राष्ट्रांच्या पुरस्काराने त्याची दखल घेतली गेली. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी व उपचार निःशुल्क झाले. तेव्हा बी. पी. मोजायला पैसे पडतात, ही सबब आता पुढे करता येत नाही.

सभासदांनी ध्यानात ठेवायच्या गोष्टी

एक. आधी दाब मोजा. पाच मिनिटे शांत बसून, त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री न घेता, हात छातीच्या पातळीत टेकवून, दोन वेळा मोजा. वारंवार १४०/९० किंवा वर येत असेल, तर डॉक्टरांकडे नोंद करा. डोके दुखत नाही म्हणजे बी. पी. नाही, असे समजू नका. बहुतेकांना वाढलेला दाब काहीच कळू देत नाही.

दोन. पाकिटावरचे नाव आणि आकडा वाचा. डिस्प्रिनसारख्या डोकेदुखीच्या गोळीत ॲस्पिरिन सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम असते, तर हृदयासाठी देतात त्या इकोस्प्रिनसारख्या गोळीत ७५ किंवा १५०. दोन्ही ॲस्पिरिनच, पण मात्रेत दुपटीपासून जवळजवळ पाचपटीपर्यंत फरक. वाचता येत नसेल, तर शाळेत जाणाऱ्या नातवाकडून वाचून घ्या.

तीन. ॲस्पिरिनबरोबर आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अशा दुखण्याच्या गोळ्या स्वतः होऊन घेऊ नका. कंबरेच्या इंजेक्शनातही बहुधा हेच औषध असते. जठराला धोका वाढतो, दाब चढतो, बी. पी. च्या गोळीचा गुण कमी होतो आणि मूत्रपिंडाला मार बसतो. हृदयासाठी घेतलेल्या ॲस्पिरिनचे काम आयब्युप्रोफेनमुळे अडूही शकते. साध्या दुखण्याला, तापाला एखाद-दुसरी पॅरासिटामॉल बरी. तीही दिवसेंदिवस भरमसाट नको.

चार. पूर्वी जठराला जखम झालेली असल्यास, दमा असल्यास किंवा दारूची सवय असल्यास डॉक्टरांना आधी सांगा. पावसाळ्यातला ताप डेंग्यूचा असू शकतो, त्यात ॲस्पिरिन घातक. सोळा वर्षांखालील मुलांना डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय देऊ नये. गरोदर स्त्रीला दाब वाढण्याचा धोका असेल, तर डॉक्टर लहान मात्रा देतात. ती बंद करू नका आणि आपल्या मनाने सुरूही करू नका.

पाच. उन्हाच्या झटक्यावर ॲस्पिरिन देऊ नका. १६ एप्रिल २०२३ रोजी याच खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराच्या सोहळ्यानंतर उष्माघाताने १४ जण दगावले, हे आपण विसरलेलो नाही. उष्माघातातला ताप गोळीने उतरत नाही. सावली, अंगावर पाणी, वारा आणि ताबडतोब दवाखाना, हाच उपाय. तोडणी एप्रिलपर्यंत लांबली की आपल्याकडेही हा प्रसंग येतो. लघवी वाढवणारी बी. पी. ची गोळी चालू असणाऱ्यांनी उन्हाळ्यात डॉक्टरांना विचारून घ्यावे.

सहा. काळे शौच, उलटीत कॉफीसारखा रंग, अंगावर निळे डाग, न थांबणारा घोळणा, यांतले काहीही दिसले तर लाजू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सात. छातीत दाबल्यासारखी कळ, घाम, कळ हाताकडे किंवा जबड्याकडे जाणे, असे झाल्यास आधी १०८ ला फोन करा. ॲस्पिरिन सोसत नाही किंवा रक्तस्राव चालू आहे असे नसेल, तर तिथल्या डॉक्टरांना विचारून सुमारे ३०० मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून घ्यावी. झटक्यात ती जीव वाचवते, हे १९८८ साली सतरा हजारांवर रुग्णांच्या चाचणीत सिद्ध झाले आहे. परंतु तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले किंवा एकाएकी असह्य डोके दुखू लागले, तर ॲस्पिरिन देऊ नका. मेंदूत गुठळी आहे की रक्तस्राव, हे सी. टी. स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच देतात. म्हणून गोळी शोधण्यात वेळ न घालवता मोठ्या दवाखान्याकडे निघा.

आठ. मीठ आवरा. दिवसाला सगळे मिळून पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभर. आपल्या ताटात खर्डा, लोणचे, पापड आणि वर ठेवलेले मीठ, याचा हिशोब घरच्या लक्ष्मीबरोबर बसून एकदा करा.

कारखान्याने काय करावे?

माझे मत असे, की हे काम नुसते सभासदावर सोपवून चालणार नाही. प्रत्येक गट कार्यालयात एक रक्तदाब मोजण्याचे यंत्र ठेवावे. आपल्या एकूण खर्चात ही रक्कम मोजण्यासारखीही नाही. माती परीक्षणाचे नमुने द्यायला सभासद येतात, तेव्हाच त्यांचा दाब मोजून वहीत टिपावा आणि जास्त निघाल्यास प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चिठ्ठी द्यावी. हंगामात वजनकाट्यासमोर ट्रॅक्टर-ट्रकचे चालक तासन्‌तास रांगेत बसतात, तोडणीच्या टोळ्या तळावर उतरतात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एक दिवस आरोग्यसेविकेला बोलवावे. वार्षिक सभेच्या दिवशी मंडपाच्या दाराशी असेच एक टेबल मांडावे. माझ्या गटात मी यंत्र स्वखर्चाने आणून सुरुवात केली आहे. पहिल्या आठवड्यातच तीन जण असे निघाले, की त्यांना आपला दाब वाढलेला आहे हे ठाऊकच नव्हते. संचालक मंडळाने याचा विचार करावा, अशी नम्र विनंती आहे.

दादा आता गावी आहेत. बी. पी. ची गोळी सकाळी न्याहारीनंतर ठरलेली. गुडघ्यासाठी डॉक्टरांनी व्यायाम शिकवला, तो कुरकुरत का होईना करतात. दर महिन्याला आरोग्य केंद्रात जाऊन दाब मोजून येतात आणि आकडा कॅलेंडरवर पाण्याच्या पाळीशेजारी लिहून ठेवतात. मागच्या खेपेला १३४/८४ होता. परवा बांधावर एकाने त्यांच्यासमोर खिशातून गोळी काढली, तेव्हा दादाच त्याला म्हणाले, "थांब बाबा. कुणी लिहून दिलीय का? आधी गट हापिसात जाऊन बी. पी. मोजून ये."

आपणही एवढेच करावे, ही विनंती.

— आपला,
ऊस विकास अधिकारी